फाईल आपली, किल्ली कुणाची?

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं? "अरे, माझ्या लॅपटॉपवर नीट दिसत होतं!" रूमवर चाळीस पानांचा असलेला प्रोजेक्ट रिपोर्ट लॅबमधल्या पीसीवर त्रेचाळीस पानांचा होतो. टेबल मार्जिन सोडून पळतं, ओमेगाच्या जागी चौकोन येतो, आकृती एका पानावर आणि तिचं नाव दुसऱ्या पानावर. गेटबाहेरचे झेरॉक्सवाले दादा शांतपणे सांगतात, "पीडीएफ करून आणा." आपण चार शिव्या हासडतो, प्रिंट काढतो, व्हायव्हा देतो आणि विसरून जातो.

पण हाच प्रकार सरकारच्या बाबतीत झाला तर? सरकारकडे जमिनीच्या नोंदी असतात, कोर्टाचे निकाल असतात, ठराव असतात, कुणाचा जन्म कधी झाला आणि कुणाची पेन्शन किती ते असतं. हे सगळं आता फाईलमध्ये आहे. ती फाईल उघडायची किल्ली एकाच कंपनीकडे असेल तर ते दप्तर नक्की कुणाचं? जगभरातली सरकारं गेली वीस वर्षं या प्रश्नाशी झगडताहेत. त्याला 'डिजिटल सार्वभौमत्व' असं भारदस्त नाव आहे. नाव ऐकून पान उलटू नका, कारण या गोष्टीचा सगळ्यात मोठा अनुभव आपल्या मराठीनेच घेतलेला आहे.

आधी फॉरमॅट म्हणजे काय ते बघू. डिस्कवर शेवटी शून्य आणि एकच असतात हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलो. त्या शून्य-एकचा अर्थ कसा लावायचा याबद्दलचा करार म्हणजे फॉरमॅट. मी नामपूरचा, त्यामुळे उदाहरण कांद्याचंच सुचतं! आमच्या बाजार समितीत ट्रॅक्टर काट्यावर चढतो आणि आकडा दिसतो. तो आकडा शेतकऱ्यालाही वाचता येतो, व्यापाऱ्यालाही आणि हमालालाही. काट्यावर सरकारी वैधमापन विभागाचा शिक्का असतो, आणि क्विंटल म्हणजे किती हे कुणाच्या खाजगी वहीत लिहिलेलं नसतं. समजा एखाद्या व्यापाऱ्याने असा काटा आणला की ज्याचा आकडा फक्त त्यालाच कळतो. तो माणूस शंभर टक्के प्रामाणिक असला तरी त्याच्या काट्यावर कुणी माल घालेल का? ज्या फॉरमॅटचे सगळे नियम छापून प्रसिद्ध झालेले असतात, जो कुणीही परवानगी न मागता आणि रॉयल्टी न देता वापरू शकतो, आणि ज्यात बदल करायचा तर चारचौघांत बसून करावा लागतो, तो खुला फॉरमॅट. बाकी सगळे खाजगी काटे.

आता मराठीची गोष्ट. नव्वदच्या दशकात आणि २००० नंतरही बरीच वर्षं आपल्याकडे संगणकावरचं मराठी म्हणजे फॉन्टचं मराठी होतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सीडॅकच्या आयएसएमबरोबर येणारे सुरेख, योगेश वगैरे. अक्षरं छान होती, वर्तमानपत्रं त्याच्यावर निघत होती, सरकारी कार्यालयं चालत होती. पण आतली भानगड अशी होती की ही फाईल मुळात मराठी नव्हतीच! इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. कृतिदेवमध्ये तुम्ही 'भारत' टाईप करता तेव्हा डिस्कवर साठतं 'एच, के, के, जे, आर'. एचच्या जागी अर्ध्या 'भ'चं चित्र, पहिल्या केचा दांडा लागला की तो पूर्ण होतो, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे 'र' आणि आर म्हणजे 'त'. फॉन्ट असेल तर भारत, नसेल तर एचकेकेजेआर!

बरं, सगळ्या फॉन्टवाल्यांनी एकच तक्ता वापरला असता तरी निभावलं असतं. पण प्रत्येकाचा तक्ता वेगळा. त्यामुळे एका टेबलावर टाईप केलेलं पत्र शेजारच्या टेबलावर कचरा दिसायचं. शोधायची सोय नाही, वर्णानुक्रमे लावायची सोय नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती अक्षरं इंग्रजीच. याला तोड म्हणून मानक नव्हतं असं नाही. भारतीय लिपींसाठी इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं होतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्याच्याही आधीचा. पण फाईल इस्कीमध्ये साठवली पाहिजे असा आग्रह बाजाराने धरला नाही आणि सरकारनेही वेळेवर धरला नाही. ज्याच्याकडे जो फॉन्ट होता त्यात त्याने वर्षानुवर्षं दप्तर भरून ठेवलं.

याची किंमत काय असते ते मी घरी पाहिलंय. आमच्या भागातल्या एका संस्थेत आजोबांच्या नावावर शेअर्स होते. आजोबा गेल्यावर वारसनोंदीसाठी काकांना जुना ठराव हवा होता. छापील प्रोसिडिंग पावसाच्या गळतीत भिजून त्याचा लगदा झालेला. सीडीवर फाईल मात्र शाबूत! उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंब, शेपट्या, पाउंडाची चिन्हं. काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हाई काय शे रे भो?" संस्थेचं म्हणणं असं की ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलं होतं त्याचं एक हार्डवेअर लॉक यायचं, ते जुन्या प्रिंटर पोर्टला लागायचं, आणि नव्या पीसीला ते पोर्टच नाही. फॉन्टची फाईल कुणाकडे नाही. थोडक्यात, आमचाच ठराव, आमच्याच सभासदांनी केलेला, आमच्याच पैशाने टाईप केलेला आणि आम्हालाच वाचता येत नाही.

मग मी आणि माझ्या रूममेटने ते कोडं म्हणून सोडवायला घेतलं. सभेचं इतिवृत्त साच्यातलं असतं हे आमच्या पथ्यावर पडलं. प्रत्येक ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' येणारच, सुरुवातीला 'ठराव क्रमांक' येणारच, आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. तेवढ्या शब्दांवरून बाराखडीचा तक्ता जुळवत नेला, पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि दोन रात्रींत ठराव वाचता आला. ऱ्हस्व वेलांटीने फार छळलं, कारण ती चित्रात अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर! काकांचा अर्ज पुढच्या मिटिंगला ठेवला गेला. पण प्रत्येक संस्थेत इंजिनिअरिंगचा पुतण्या आणि दोन मोकळ्या रात्री कुठून येणार?

या सगळ्यावरचं औषध म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा नंबर. 'क'चा नंबर हेक्समध्ये ०९१५, तो नामपूरला तोच आणि न्यूयॉर्कलाही तोच, फॉन्ट कुठलाही असो. गंमत म्हणजे युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आपल्याच इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. म्हणजे वाण आपलंच होतं, पेरलं बाहेर गेल्यावर! विंडोज २००० बरोबर आलेला मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला. स्टाफपैकी ज्यांनी एक्सपी वापरलंय त्यांना आठवत असेल, मराठी दिसण्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग मशीन विंडोजची सीडी मागायचं.

भारत सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून ई-गव्हर्नन्ससाठी भारतीय भाषांचं मानक म्हणून युनिकोड ठरवून टाकलं. आवृत्ती ५.१ आणि पुढच्या. ही ५.१ आवृत्ती मराठीसाठी खास आहे, कारण २००८ मध्ये तिच्यातच 'ॲ' या अक्षराला स्वतःचा नंबर मिळाला. त्याआधी 'ॲप' लिहायचं तर 'अ'वर चंद्र चिकटवायची कसरत होती, आणि एकाच्या मशीनवर चिकटलेला चंद्र दुसऱ्याच्या मशीनवर सुटून पडायचा. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक दाखवणारा आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' हिंदीवाल्यांना लागत नाही, त्यामुळे त्याचीही वेगळी व्यवस्था करावी लागली. आता हे बदल कुणी करून घेतले? मानक उघडं होतं, प्रस्ताव मांडायची पद्धत उघड होती, म्हणून ज्यांना मराठीची गरज कळत होती त्यांना ते मांडता आले. खाजगी फॉन्टमध्ये असं अक्षर कमी पडलं असतं तर कंपनीला विनंती करून पुढच्या आवृत्तीची वाट बघायची आणि ती विकत घ्यायची, एवढंच आपल्या हातात होतं. मला विचाराल तर सार्वभौमत्व म्हणजे फार काही नाही, ही 'ॲ'ची गोष्ट आहे.

अक्षरांचा प्रश्न असा बराचसा सुटला. पण डॉक्युमेंट म्हणजे नुसती अक्षरं नाहीत. ठळक काय, तक्ता कुठे, तळटीप कुठे, कुणी कुठला बदल कधी केला, हे पण साठवावं लागतं. मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी 'डॉक' फाईल म्हणजे बंद डबा होती. त्याला पर्याय म्हणून ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, थोडक्यात ओडीएफ, तयार झाला. २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने तो मान्य केला आणि २००६ मध्ये आयएसओने त्याला २६३०० हा नंबर दिला. लिब्रेऑफिसमध्ये फाईल सेव्ह केली की मुळात हीच तयार होते. एक प्रयोग आत्ता करून बघा. लिब्रेऑफिसमध्ये चार ओळी मराठी टाईप करून 'ओडीटी' फाईल सेव्ह करा, तिच्या नावाचं शेपूट बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'कंटेंट', 'स्टाईल्स', 'मेटा' अशा नावांच्या एक्सएमएल फाईल्स दिसतील. 'कंटेंट' नोटपॅडमध्ये उघडली तर तुमच्या चार ओळी साध्या डोळ्यांनी वाचता येतील. पन्नास वर्षांनी लिब्रेऑफिस नसलं तरी त्या ओळी वाचता येतील. कोडं सोडवायला पुतण्या नको!

आता तुम्ही म्हणाल, वर्डची 'डॉकएक्स' पण झिपच असते, ती पण एक्सएमएलच. बरोबर. ऑफिस २००७ पासून मायक्रोसॉफ्टने ते केलं आणि आपला फॉरमॅट ओओएक्सएमएल नावाने आयएसओकडे मान्यतेसाठी नेला. इथे जी लढाई झाली ती आपल्या कोर्समध्ये का नाही याचं मला आश्चर्य वाटतं. ओडीएफचा दस्तऐवज सातशे पानांच्या आसपास, तर याचा मसुदा सहा हजार पानांचा! आणि त्यात काय काय होतं ते ऐका. एका सेटिंगचं नावच होतं 'ऑटोस्पेस लाईक वर्ड ९५', म्हणजे वर्ड ९५ जशी जागा सोडतो तशी सोड. वर्ड ९५ कशी जागा सोडतो ते मसुद्यात सांगितलेलंच नव्हतं. व्हायव्हात आपण "मागच्या बॅचने केलं तसंच केलंय सर" म्हणावं त्यातला प्रकार. दुसरं म्हणजे १९०० साल लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेल ते लीप धरतं, कारण त्याच्याआधीच्या लोटस १-२-३ मध्ये तो घोळ होता आणि जुन्या फाईल चालाव्यात म्हणून एक्सेलने तो तसाच उचलला. एक्सेल उघडून पहिल्या खान्यात ६० हा आकडा टाका आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख दिसेल. ही चूक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापायला निघाले होते!

सप्टेंबर २००७ च्या मतदानात हा प्रस्ताव पडला. भारताने 'नाही' म्हटलं होतं. दुरुस्त्या होऊन २००८ मध्ये तो पुन्हा आला तेव्हाही भारतीय मानक ब्युरोचं मत 'नाही'च राहिलं. प्रस्ताव मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि भारत या चार देशांनी आयएसओकडे अपील केलं आणि ते फेटाळलं गेलं. हरलो, पण ज्या यादीत होतो ती यादी बघून मला बरं वाटतं. निष्पक्ष राहायचं तर हेही सांगायला हवं की या झगड्यामुळे मायक्रोसॉफ्टला आपल्या फॉरमॅटचं गाठोडं सोडून दाखवावं लागलं, आणि आज लिब्रेऑफिसमध्ये 'डॉकएक्स' बऱ्यापैकी उघडते ती त्यामुळेच. बऱ्यापैकी म्हणजे त्रेचाळीस पानांची!

नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. एका कामासाठी शक्यतो एकच मानक असावं आणि ते रॉयल्टीमुक्त असावं, असा त्याचा गाभा आहे. कागदावर हे धोरण फार चांगलं आहे. प्रत्यक्षात आपल्या तहसील कचेरीत, झेडपीत आणि (हळूच सांगतो) बहुतेक कॉलेजांच्या ऑफिसांत काय चालतं ते आपण बघतोच. अर्ज 'वर्डमध्ये टाईप करून' मागतात. फॉर्मचा नमुना एक्सेलमध्ये येतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी केलेल्या लाखो लोकांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे इतकं पक्कं बसलंय की 'डॉक्युमेंट' ऐवजी लोक 'वर्ड फाईल' म्हणतात. ते शिक्षण गावोगाव पोचलं ही मोठीच गोष्ट आहे, नामपूरसारख्या गावात त्याने नोकऱ्या दिल्यात. पण त्याच क्लासमध्ये एक आठवडा लिब्रेऑफिस असतं तर?

एक खातं मात्र गाजावाजा न करता यात पुढे गेलंय, आणि ते म्हणजे कोर्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडलं. केसेसची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर मुक्त तंत्रज्ञानावर बांधलंय, आणि ते बांधलं आपल्या पुण्याच्या एनआयसीने. आपण मोबाईलवर केसची पुढची तारीख बघतो ती याच यंत्रणेतून येते. सरकारी माणसाला लिनक्स जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी तालुक्याच्या कोर्टात जाऊन यायला सांगतो.

बाहेर काय चाललंय? अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्येच ओडीएफ ठरवलं, पण प्रचंड दबावानंतर २००७ मध्ये ओओएक्सएमएललाही दार उघडलं. ब्रिटनने २०१४ मध्ये सरकारी कागदपत्रांच्या देवाणघेवाणीसाठी ओडीएफ ठरवलं. जर्मनीतलं म्युनिक शहर तर इशारा म्हणून वाचावं असं आहे. २००३ मध्ये त्यांनी लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे पंधरा हजार मशीन्स बदलली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. बाहेरची सगळी ऑफिसं जुन्याच फॉरमॅटमध्ये पत्रं पाठवत असतील तर एकट्या शहराची दमछाक होते. म्हणून २०२४ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाईन या जर्मन राज्याने सुमारे तीस हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं तेव्हा अख्ख्या राज्याचंच प्रशासन एकदम घेतलं. राज्यकर्त्यांनी कारण दिलं तेही खर्चाचं एकट्याचं नव्हतं, डिजिटल सार्वभौमत्व हा शब्द त्यांनी सरळ वापरला.

हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला नसेल, पण जुलै २०२५ मध्ये त्याचा अर्थ कळला. नायरा एनर्जीचे पेट्रोल पंप तुम्ही हायवेला पाहिले असतील. गुजरातमध्ये वाडीनारला त्यांची रिफायनरी आहे, आणि कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने कंपनीची सेवा थांबवली. पैसे भरलेले, कंपनी भारतात, भारतीय कायद्यात काही बेकायदेशीर नाही, तरी कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. पण तोपर्यंत दिसायचं ते दिसलं. उद्या त्या जागी एखादं मंत्रालय असेल तर?

त्यानंतर आपल्याकडे झोहोचं वारं आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जातोय असं जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचं ऑफिस वापरायला सांगितलं, आणि केंद्राच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेल्याच्या बातम्या आल्या. तामिळनाडूच्या खेड्यातून जगाला सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, अभिमान वाटतोच. पण हॉस्टेलवर यावर वाद झाला तेव्हा मी जे म्हटलं ते इथेही म्हणतो. काटा परदेशी व्यापाऱ्याचा असो की आपल्या गावच्या, आकडा सगळ्यांना वाचता येतो का हा प्रश्न तसाच राहतो. काकांचा ठराव ज्यात अडकला ते सॉफ्टवेअर स्वदेशीच होतं! झोहोमधून ओडीटी फाईल बाहेर काढता येते, ही चांगली गोष्ट. मग सरकारने सॉफ्टवेअर कुणाचंही घ्यावं, पण दप्तर ओडीएफमध्ये ठेवण्याची अट टेंडरमध्येच घालावी. तेवढी एक ओळ पुरते.

जाता जाता पीडीएफबद्दल, कारण झेरॉक्सवाल्या दादांपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांचा त्यावरच भरवसा आहे. पीडीएफ हेही २००८ पासून आयएसओ मानक आहे, आणि जसं छापलं तसं दाखवायला त्याला तोड नाही. महाराष्ट्र शासनाचे जीआर संकेतस्थळावर पीडीएफमध्येच असतात, डिजिटल स्वाक्षरी आणि लांबलचक संकेतांकासह. स्कॉलरशिपचा एखादा जीआर उघडून त्यातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. बऱ्याच वेळा 'निर्णय'चा 'िनणर्य' झालेला दिसेल. कारण पीडीएफ अक्षराचा नंबर सांभाळायची सक्ती करत नाही, ती पानावर चित्र कुठे काढायचं ते सांभाळते. म्हणून जीआरमध्ये एखादा शब्द शोधला तर पानावर समोर दिसत असूनही संगणक 'सापडला नाही' म्हणतो, आणि स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर तो जीआर ऐकायलाही येत नाही. पीडीएफ बनवतानाच आत मूळ मजकूर नीट ठेवायची सोय आहे, लिब्रेऑफिसच्या एक्सपोर्टच्या खिडकीत 'हायब्रिड' नावाची एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की पीडीएफच्या पोटात ओडीएफ फाईल जशीच्या तशी बसते. लॅब नंबर कुठलाही घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.